शालेय रंगभूमी आणि नटाची व्यवसायनिष्ठा

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे शाळाशाळांतून नाटकाची वार्ता सुरू होते. कोणास राजा व्हावयाचे असते, कोणास विदूषक. भालदाराचे काम मात्र सहसा कोणी मागून घेत नाही. पहिल्या दिवशी तालमीस तीस मुले येतात, दुसऱ्या आठवड्यात ती वीस होतात, आणि प्रयोग आठ दिवसांवर आला तरी दोघातिघांच्या हातांतील नक्कल सुटलेली नसते. ही हकीकत कोणा एका शाळेची नसून थोड्याफार फरकाने बहुतेक सर्व शाळांची आहे. मुलांच्या अंगी गुण नसतात म्हणून असे घडते, असे कोणी समजू नये. गुण पुष्कळ असतात. परंतु अंगीकृत काम शेवटास नेण्याची सवय त्यांना कोणी लावलेली नसते. ती सवय शालेय वयात कशी लावावी, आणि ती लावताना वडील माणसांनी कोणती मर्यादा पाळावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मराठी रंगभूमीवर ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ हे दोन शब्द फार दिवसांपासून रूढ आहेत. ‘धंदेवाईक’ या शब्दास लोकांच्या तोंडी पुष्कळदा थोडी कमीपणाची छटा असते. जणू पैसा घेऊन काम करणाऱ्याचे प्रेम कामावर नसून पैशावरच असते! पण जरा विचार केल्यास असे दिसेल की, चांगल्या धंदेवाईक नटाच्या ठिकाणी एक गुण असतो, जो हौशी नटाच्या ठिकाणी फार क्वचित आढळतो. तो असा की, मन लागो अथवा न लागो, तो ठरल्या वेळी ठरले काम करतो. ज्या प्रेक्षकाने तिकीट काढले, त्याचे आपण ऋणी आहोत ही जाणीव त्याला असते. शाळेच्या नाटकास तिकीट नसते हे खरे. परंतु इस्लापूरसारख्या गावी स्नेहसंमेलनाच्या दिवशी जे पालक येऊन बसतात, ते कोणी दिवसभराची कापूसवेचणी आटोपून, कोणी दुकान लवकर बंद करून, कोणी दूरच्या वाडीतांड्यावरून पायी चालत आलेले असतात. त्यांनी दिलेला वेळ हेच त्यांचे तिकीट होय. तेव्हा शालेय नट हौशी असला तरी त्याचे ऋण धंदेवाईक नटाच्या ऋणाहून तिळभरही कमी नाही.

शिवाय नाटक ही एकट्याची कला नव्हे. चित्र काढणारा मुलगा उशिरा बसला तर नुकसान त्याचे एकट्याचे होते. नटाचे तसे नाही. विद्यार्थिमित्रहो, एक लहानसा हिशेब करून पाहा. नाटकात अठरा मुले आहेत आणि एक मुलगा वीस मिनिटे उशिरा आला. सतरा मुले प्रत्येकी वीस मिनिटे खोळंबली, म्हणजे ३४० मिनिटे, अर्थात ५ तास ४० मिनिटे वाया गेली. आठवड्यास चार याप्रमाणे सहा आठवड्यांत चोवीस तालमी होतात. प्रत्येक तालमीस कोणी ना कोणी असाच उशीर केला, तर १३६ तासांची हानी झाली! जो मुलगा दुसऱ्याच्या खिशातील चार आणे कधी उचलणार नाही, तो दुसऱ्याचे इतके तास सहज उचलतो, आणि आपण काही घेतले असे त्याला वाटतही नाही. ही जाणीव करून देणे हा निष्ठेच्या शिक्षणातील पहिला पाठ होय. तो रागावून शिकविता येत नाही. फळ्यावर हिशेब मांडून मात्र शिकविता येतो.

आपल्या रंगभूमीच्या इतिहासात या शिस्तीची उदाहरणे विपुल आहेत. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला. तेथून पुढे सुमारे अर्धशतकभर नाटक मंडळ्या गावोगाव फिरत राहिल्या. या मंडळ्यांत ‘तालीममास्तर’ ही व्यक्ती मोठ्या मानाची असे. ‘शारदा’ व ‘संशयकल्लोळ’ या नाटकांचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे प्रथम बेळगावी शिक्षक होते, आणि पुढे रंगभूमीवरही ते शिक्षकच राहिले. लोक त्यांना ‘देवल मास्तर’ म्हणत. त्या काळच्या कित्येक थोर नटांस त्यांनी तालीम दिली. नारायणराव राजहंस, ज्यांना महाराष्ट्र बालगंधर्व या नावाने ओळखतो, ते त्यांपैकीच एक होत. ईश्वरदत्त कंठ लाभलेल्या गायकासही तालीममास्तरासमोर उभे राहून वाक्यावाक्याचा अर्थ शिकावा लागे. देणगी आणि शिस्त यांचे वैर नसून देणगीला शिस्तीचा आधार लागतो, हे यावरून उघड होते.

दुसरे उदाहरण १९२१ सालचे आहे. बालगंधर्व हे गंधर्व नाटक मंडळीचे, तर केशवराव भोसले हे ललितकलादर्श मंडळीचे प्रमुख नट. केशवरावांनी आपली मंडळी १९०८ साली हुबळीस स्थापिली, तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते. दोघेही लोकप्रियतेच्या शिखरावर, आणि दोघांच्या चाहत्यांमध्ये विलक्षण चुरस. असे असता टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस दोन्ही मंडळ्यांनी मिळून ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. हाच तो सुप्रसिद्ध ‘संयुक्त मानापमान’. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले. त्या रात्री दोघांपैकी कोण सरस ठरला, याची चर्चा रसिक पुढे कित्येक वर्षे करीत राहिले. विद्यार्थ्याने मात्र त्या प्रयोगातून निराळीच गोष्ट घ्यावी: दोन प्रतिस्पर्ध्यांनी एका रंगमंचावर उभे राहावयाचे ठरविले, म्हणजे एकमेकांस संधी देणे हे दोघांचेही कर्तव्य ठरते. आपल्या सोबत्याचे वाक्य उठून दिसावे म्हणून आपण स्तब्ध राहणे, हीही अभिनयाची एक बाजू आहे.

परदेशातील नाट्यशिक्षकांचेही मत असेच आहे. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर ही संस्था स्थापन करणाऱ्या दोघांपैकी एक, स्तानिस्लाव्हस्की, यांनी अभिनयशिक्षणावर लिहिलेला ग्रंथ एका काल्पनिक विद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या रूपाने आहे. त्याच्या आरंभीच तो विद्यार्थी झोपेतून उशिरा उठतो, धावतपळत तालमीस जातो, आणि थोडासा उशीर झाला असे सहज बोलून जातो. तालीम घेणारे गृहस्थ त्यास सुनावतात की, सर्वजण वाट पाहून चिडून गेले आहेत, अशा मनःस्थितीत काम होणे शक्य नाही; आणि ते त्या दिवशीची तालीमच रद्द करतात. अभिनयाचे बारकावे शिकविण्यापूर्वी ग्रंथकाराने हा प्रसंग घातला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

परंतु उदाहरणासाठी इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या किनवट तालुक्यात आणि शेजारच्या आदिलाबादच्या मुलखात दिवाळीच्या सुमारास गोंड बांधवांचा दंडारीचा उत्सव होतो. मोरपिसांचा प्रचंड मुकुट धारण करून, अंगास राख फासून नाचणारे गुसाडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. गुसाडीचा वेष एकदा अंगावर चढला म्हणजे उत्सवाची समाप्ती होईपर्यंत स्नान न करण्याचा आणि इतरही काही नियम कडकपणे पाळण्याचा परिपाठ आहे. एका गावचे पथक दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाते, आणि यजमान गाव त्याचा सत्कार करते. या नृत्याची परंपरा जतन करून ती तरुणांना शिकविणारे मारलवाईचे कनकराजू यांस भारत सरकारने २०२१ साली पद्मश्री देऊन गौरविले. २०२४ साली ते निधन पावले. दंडारी ही उपासना आहे. तिला नाटक म्हणणे योग्य होणार नाही. तथापि वेष धारण करणे म्हणजे एक जबाबदारी धारण करणे, ही गोष्ट ज्या मुलांनी आपल्या गावात डोळ्यांनी पाहिली आहे, त्यांना नाटकाच्या पोशाखाचा मान वेगळा समजावून सांगावा लागू नये.

आता ही निष्ठा शिकवावी कशी? केवळ उपदेशाने ती येत नाही. ‘नाटकावर प्रेम करा’ असे शंभर वेळा सांगितल्याने प्रेम उत्पन्न होत नाही. पण लहान लहान कामे नेमून दिली आणि ती वेळच्या वेळी करून घेतली, म्हणजे निष्ठा हळूहळू अंगवळणी पडते. त्या दृष्टीने काही नियम येथे देतो.

पहिला नियम वाचनाचा. प्रत्येक मुलाने आपल्या वाट्याची नक्कल तेवढी न वाचता संपूर्ण नाटक वाचावे. ज्याला दोनच वाक्ये आहेत त्याला ती कशासाठी आहेत हे सर्व नाटक वाचल्यावरच कळते. आणि कामाचे प्रयोजन कळले म्हणजे ते टाळण्याची बुद्धी होत नाही.

दुसरा नियम वेळेचा. तालीम ठरल्या वेळी, जे हजर असतील त्यांना घेऊन सुरू करावी. मास्तरच उशिरा येऊ लागले तर वेळेवर येणारे मूल मूर्ख ठरते, आणि तिसऱ्या दिवसापासून तेही उशिरा येते. ज्याला येता येणार नाही त्याने आदल्या दिवशी कळवावे. गैरहजेरी कधी कधी अपरिहार्य असते; न कळविणे मात्र सहसा अपरिहार्य नसते.

तिसरा नियम पाठांतराचा. सहा आठवड्यांच्या तालमीत तिसऱ्या आठवड्याअखेर नक्कल हातातून खाली ठेवावी. शब्दांची शोधाशोध चालू असेपर्यंत मुलाचे लक्ष सोबत्याकडे जात नाही, आणि जो ऐकत नाही त्याला उत्तर देता येत नाही. प्रॉम्प्टर हा अडलेल्यास हात देण्यासाठी असतो. सबंध नाटक त्याच्याच तोंडून ऐकू येऊ लागले, तर प्रेक्षकांस दोनदा नाटक ऐकल्याची शिक्षा होते!

चौथा नियम सामानाचा. आपली पगडी, आपली काठी, आपले पत्र आपणच ठेवावयाचे आणि आपणच तपासावयाचे. कोणाच्या घरून मागून आणलेले लुगडे वा शेला असेल, तर प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी तो घडी घालून, आभार मानून परत करावयाचा. प्रयोग संपल्यावर सभागृह झाडणे आणि खुर्च्या जागेवर लावणे हे काम राजापासून भालदारापर्यंत सर्वांनी मिळून करावे. टाळ्यांचा आवाज विरल्यानंतर जो मुलगा झाडू हाती घेतो, त्याचे शिक्षण पूर्ण झाले असे खुशाल समजावे.

पाचवा नियम विंगेतला. तिसरी घंटा झाली म्हणजे बोलणे बंद. रंगमंचावर कोणाची मिशी गळाली, कोणी वाक्य विसरले, तर हसू नये, सांभाळून घ्यावे. जो सोबत्याची फजिती झाकतो, तोच खरा नट. प्रयोगाच्या रात्री प्रेक्षकांस हसविण्यासाठी तालमीत न ठरलेली एखादी गंमत घुसडणे हा मात्र अपराध समजावा. कारण त्यामुळे समोरच्या सोबत्याचा पाय जागच्या जागी निसटतो.

सहावा नियम लहान कामाच्या मोठेपणाचा. पडदा ओढणारा मुलगा दहा क्षण चुकला तर थोर नटाचा प्रवेश मातीमोल होतो. म्हणून वर्षातून दोन नाटिका होत असतील तर पहिलीतील राजास दुसरीत पडदा ओढावयास द्यावा. हा त्याचा अपमान नसून शिक्षण आहे, हे त्यास व त्याच्या घरच्या मंडळींस आधीच समजावून सांगावे.

येथपर्यंत विद्यार्थ्यांची कर्तव्ये झाली. आता शिक्षकांची व पालकांची कर्तव्ये सांगणे अगत्याचे आहे. कारण निष्ठा ही एकाच बाजूने मागता येत नाही.

निष्ठेचे उदाहरण म्हणून महाराष्ट्रात एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी मरण पावली. तरीही ते रंगमंचावर उभे राहिले आणि त्यांनी भामिनीची भूमिका पार पाडली. ही गोष्ट ऐकून कोणाचेही मन भरून येईल. परंतु ती शाळेतील मुलांना सांगावयाची असेल, तर जपून सांगावी. बालगंधर्व त्या वेळी बावीस वर्षांचे, जाणते पुरुष होते. त्या व्यवसायावर त्यांचे व अनेकांचे पोट अवलंबून होते. आणि निर्णय त्यांचा स्वतःचा होता. शाळेतील मुलाच्या घरी दुःख झाले असता ‘बालगंधर्वांकडे पाहा’ असे म्हणून त्याला रंगमंचावर उभे करण्याचा अधिकार कोणासही नाही. जो त्याग मोठ्याने आपखुशीने केला असता भूषण ठरतो, तोच लहानाकडून मागून घेतला असता जुलूम ठरतो.

जुन्या मंडळ्यांच्या वैभवाची दुसरी बाजूही मुलांपासून लपवू नये. त्या काळी स्त्रीपार्टासाठी कोवळ्या आवाजाची मुले लागत. केशवराव भोसले अगदी लहानपणीच नाटक मंडळीत आले. दामुअण्णा जोशी यांच्या बालमोहन नाटक मंडळीत तर मुख्य नट मुलेच होती. पुढे छोटा गंधर्व या नावाने विख्यात झालेले सौदागर गोरे हे वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास तीत दाखल झाले. अशा मुलांतून थोर कलावंत निर्माण झाले हे निःसंशय. परंतु ज्याचे नाव झाले त्याचेच चरित्र लिहिले जाते. आवाज फुटल्यावर ज्याचे काम गेले आणि ज्याची शाळाही आधीच सुटली होती, अशा मुलाची हकीकत कोण लिहिणार? म्हणून मंडळ्यांपासून शिस्त घ्यावी; मुलाचे बालपण व विद्या यांचा मोबदला देऊन ती घेऊ नये.

यासाठी व्यवहारात एक सोपा उपाय आहे. प्रत्येक प्रमुख भूमिकेस एक पर्यायी नट प्रथमपासून तयार करावा, आणि आठवड्यातून एक तालीम त्याच्याकडूनच करून घ्यावी. मग एखादे मूल आजारी पडले किंवा घरी अडचण आली, तर प्रयोगही थांबत नाही आणि त्या मुलाच्या मनावर ओझेही राहत नाही. पर्यायी नटास प्रयोगात निदान एक लहानसे काम अवश्य द्यावे; नाहीतर त्याची मेहनत कोणाच्या दृष्टीसही पडत नाही.

दुसरी गोष्ट तालमीच्या वेळेची. आपल्या भागात स्नेहसंमेलनाचे दिवस आणि कापूसवेचणीचे दिवस बहुधा एकत्र येतात. ज्या घरी चार हातांवर हंगाम अवलंबून आहे, तेथील मूल तालमीस आले नाही तर त्यास आळशी म्हणणे हा अन्याय होय. यास्तव भूमिका वाटण्यापूर्वीच शिक्षकांनी प्रत्येकास विचारावे की, तुला कोणते दिवस मोकळे आहेत? ज्याला थोडेच दिवस मोकळे आहेत, त्याला थोड्या तालमींचे काम द्यावे. जितके वचन पाळता येईल तितकेच देणे, हाही निष्ठेचाच भाग आहे. तसेच एके काळी मुलग्यांनाच स्त्रीपार्ट करावा लागे. आज मुली स्वतः रंगमंचावर येत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अंधार पडल्यावर मुलीने एकटीने घरी कसे यावे, ही आईबापांची चिंता खरी आहे. दिवेलागणीपूर्वी तालीम संपविणे, किंवा मुलींना घरपोच करण्याची व्यवस्था करणे, हे शाळेचे कर्तव्य आहे. अशी व्यवस्था न करता ‘मुलीला नाटकात पाठवीत नाहीत’ म्हणून पालकांस दोष देणे बरोबर नाही.

पालकांसही एक विनंती आहे. मुलाने नाटकात काम घेतले म्हणजे त्याने वीस जणांना शब्द दिला आहे, असे समजावे. परीक्षेत गुण कमी पडले म्हणून शिक्षा करावयाची, आणि ती शिक्षा म्हणून प्रयोगाच्या आठ दिवस आधी त्यास नाटकातून काढून घ्यावयाचे, असे कित्येक घरी घडते. त्याने मुलगा अभ्यास करू लागतो असा अनुभव नाही. दिलेला शब्द मोडता येतो एवढे मात्र तो शिकतो, आणि तेही आपल्या वडिलांकडून. अभ्यासाची चिंता असेल तर ती भूमिका घेण्यापूर्वी मोकळेपणाने बोलावी. एकदा संमती दिली म्हणजे शेवटपर्यंत पाठीशी राहावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी फार थोडे पुढे नट होतील. कोणी शेतकरी होईल, कोणी दवाखान्यात परिचारिका होईल, कोणी रेल्वेत नोकरीस लागेल. परंतु वेळेवर येणे, आपले काम पाठ असणे, येता येत नसेल तर आधी कळविणे, सोबत्याची चूक सांभाळून घेणे आणि काम संपल्यावर जागा झाडून जाणे, या पाच गोष्टी ज्याला येतात त्याचे तेथेही अडत नाही. यंदा भूमिका वाटावयास बसाल तेव्हा राजाचे काम अवश्य मागा. पण ते न मिळाल्यास भालदाराचे काम घेऊन दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी तालमीस या.